एक चाप, तीन चाली

कोकणात, गोव्यात आणि बेळगावच्या रानपट्ट्यात पिकाच्या राखणीसाठी ज्या ठासणीच्या बंदुका परवान्यावर बाळगल्या जातात, त्यांची चाल एकच असते. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, तीवर छर्रे घालून गजाने ठासावयाचे, मागे केप बसवावयाची, घोडा चढवावयाचा आणि चाप ओढावयाचा. बार एकदाच होतो. तो वाया गेला, तर रानडुक्कर दुसऱ्या बाराची वाट पाहत शेतात थांबत नाही. (येथे एक खुलासा आवश्यक आहे. असा परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. वन्यप्राण्याला मारण्याचा प्रश्न आला की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो.)

बंदोबस्तावर उभ्या असलेल्या शिपायाच्या हातातील आजची रायफल या बंदुकीहून फार निराळी आहे. तिच्या अंगावर एक लहानसा खटका असतो. तो एका जागी असता रायफल मुकी असते. दुसऱ्या जागी असता चाप ओढल्यावर एकच गोळी सुटते. आणि तिसऱ्या जागी असता, रायफल कोणत्या बनावटीची आहे त्यानुसार, तीन गोळ्या सुटतात किंवा चाप सुटेपर्यंत अथवा मॅगझिन रिते होईपर्यंत मारा चालूच राहतो. बोटाची क्रिया तीच, परिणाम मात्र सर्वस्वी वेगळे. तिसऱ्या जागेवर खटका असावा की नसावा या प्रश्नाने जगातील सेनादळांना गेल्या पाऊण शतकात अनेकदा मत बदलावयास लावले आहे. आणि आपल्या देशाचा शस्त्र कायदाही याच भेदावर मोठ्या अंशी उभा आहे.

पुढची गोळी कोण भरतो?

ठासणीच्या बंदुकीनंतर आपल्या लोकांच्या परिचयाची झालेली रायफल म्हणजे ‘थ्री-नॉट-थ्री’. ली-एनफिल्ड जातीच्या या रायफलीत दहा काडतुसे मावतात. परंतु प्रत्येक गोळीनंतर शिपायाला बोल्ट हाताने उचलून मागे ओढावा लागतो व पुन्हा पुढे दाबून बसवावा लागतो. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश सैन्यात तयार शिपायाकडून मिनिटाला पंधरा नेमके बार अपेक्षित असत. याहून वेग वाढवावयाचा तर बोल्ट मागे-पुढे करण्याचे काम माणसाच्या हातून काढून यंत्राकडे सोपविणे भाग होते.

ते काम मूळच्या अमेरिकन, पण पुढे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या हिराम मॅक्सिम यांनी १८८४ च्या सुमारास करून दाखविले. बार होताना बंदूक मागे जो धक्का देते, तो तोवर शिपायाचा खांदा निमूटपणे सोसत असे. मॅक्सिम यांनी त्या धक्क्यालाच कामाला लावले. पुढे बहुतेक रायफलींत दुसरी एक युक्ती रूढ झाली. गोळी नळीतून पुढे जात असता तिच्या मागील तप्त वायूचा थोडा अंश नळीच्या एका छिद्रातून बाजूला घेतला जातो व तो एका दट्ट्याला मागे लोटतो. दट्ट्याबरोबर बोल्ट मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, घोडा मागे दाबला जातो, आणि स्प्रिंगच्या जोराने परत येणारा बोल्ट मॅगझिनमधील नवे काडतूस कोठीत लोटतो. हा सारा व्यवहार सुमारे एक दशांश सेकंदात उरकतो.

आता प्रश्न असा उभा राहतो की, रायफल स्वतःच भरली जाते, तर ती स्वतःच उडतही का राहत नाही? याचे उत्तर चापाच्या पेटीत आहे. घोड्याला अडवून धरणारी एक अडण असते. चाप ओढला की ती सरकते आणि घोडा सुटतो. परंतु माणसाचे बोट यंत्राच्या मानाने अतिशय मंद असते. बोल्ट मागे जाऊन परत येतो, तरी चाप अद्याप दाबलेलाच असतो व पहिली अडण बाजूलाच राहिलेली असते. अशा वेळी दुसरी एक अडण पुढे होऊन घोड्याला मध्येच पकडते. बोट सैल झाले की घोडा या दुसऱ्या अडणीकडून पहिलीच्या स्वाधीन होतो. पुन्हा चाप ओढला म्हणजे पुन्हा एक गोळी. यास स्वयंभरण किंवा अर्धस्वयंचलित मारा म्हणतात.

संपूर्ण स्वयंचलित माऱ्यात खटका या दुसऱ्या अडणीला कामातून दूर ठेवतो. तिच्याऐवजी एक तिसरी अडण घोडा रोखते, आणि बोल्ट पुरता बंद झाल्यावर तो बोल्टच तिला हलवून घोडा सोडतो. कोठी नीट बंद होण्यापूर्वी बार झाला तर चालविणाऱ्याच्याच तोंडावर संकट येईल. म्हणून ही व्यवस्था. खटका ‘सुरक्षित’ जागी असता तर चापालाच अडसर पडतो. मिनिटाला सहाशे गोळ्या हा या जातीच्या रायफलींचा सर्वसाधारण वेग आहे. म्हणजे सेकंदाला दहा, आणि तीस गोळ्यांचे मॅगझिन तीन सेकंदांत रिकामे.

खटक्याची जागा

खटका कोठे बसवावा व कोणत्या क्रमाने फिरवावा, ही वरवर पाहता क्षुल्लक बाब आहे. तथापि तीत त्या त्या सैन्याचे विचार दिसून येतात. ब्रिटिश स्टर्लिंग कार्बाईनच्या खटक्याजवळ ‘३४’, ‘१’ आणि ‘सेफ’ अशा तीन खुणा असत. चौतीस म्हणजे मॅगझिनमधील एकंदर गोळ्या! खुणेनेच शिपायाला परिणामाची जाणीव करून देण्याची ही पद्धत मार्मिक म्हणावी लागेल.

मिखाईल कलाश्निकोव्ह (१९१९–२०१३) यांच्या एके-४७ या रायफलीत उजव्या बाजूस पत्र्याचा एक लांब खटका असतो. सर्वांत वर सुरक्षित, मध्ये स्वयंचलित आणि सर्वांत खाली एकेक गोळी, असा त्याचा क्रम आहे. हा उलटा क्रम पाहून अनेकांना नवल वाटते. घाबरलेला शिपाई खटका झटक्याने खालपर्यंत दाबील व आपोआप एकेक गोळीच झाडील, अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते.

या रायफलीची ओळख मुंबईला फार क्रूर रीतीने झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री शहरावर चालून आलेल्या अतिरेक्यांच्या हाती या घराण्यातील शस्त्रे होती. समोरच्या अनेक पोलिसांच्या हाती होती ती दर गोळीनंतर बोल्ट ओढावी लागणारी जुनी रायफल, किंवा नुसती लाठी. गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या रायफलीची नळी हातांनी घट्ट धरली. गोळ्या अंगात घुसत असताही त्यांनी पकड सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत हाती लागला. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या या सुपुत्राला २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्या रात्रीनंतर पोलीस दलांच्या शस्त्रांचा विचार देशभर गांभीर्याने सुरू झाला. तरीही उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री-नॉट-थ्रीला समारंभपूर्वक निरोप दिला, तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी.

तीनच का?

यावरून, जितक्या अधिक गोळ्या तितके चांगले, असे कोणास वाटेल. परंतु तसे नाही. सलग माऱ्यात प्रत्येक धक्क्याने नळीचे तोंड वर उचलले जाते. पहिली गोळी लक्ष्यावर, दुसरी त्याच्या डोक्यावरून आणि पुढच्या आभाळात, असा प्रकार होतो. शिवाय काडतुसे पाठीवर वाहून न्यावी लागतात. ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसाचे वजन सुमारे २४ ग्रॅम असते. डोंगरावर चढणाऱ्या जवानाला त्या ग्रॅमांचा अर्थ अचूक कळतो.

१९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले. त्यानंतर आलेली ईशापूरची ‘एस. एल. आर.’ ही बेल्जियमच्या एफ. ए. एल. रायफलीवर बेतलेली होती. मूळ बेल्जियन रायफलीत सलग माऱ्याची सोय असे. ब्रिटन आणि भारत यांनी स्वीकारलेल्या सर्वसाधारण नमुन्यात ती ठेवली नाही. इतक्या जोरकस काडतुसाने सलग मारा खांद्यावरून आवरत नाही, हे त्यामागील मुख्य कारण. वीस गोळ्यांच्या मॅगझिनची ही वजनदार रायफल, एकेक गोळी झाडीत, १९७१ च्या युद्धात भारतीय पायदळाच्या हाती होती.

अमेरिकेने हाच धडा व्हिएतनाममध्ये निराळ्या मार्गाने घेतला. एम-१६ रायफलीचा सलग मारा करून काडतुसांची मोठी नासाडी होते असा अनुभव आल्यावर १९८० नंतरच्या दशकात एम-१६-ए-२ या नमुन्यात सलग मारा काढून तीन गोळ्यांचा झटका बसविण्यात आला. ही मोजणी एक दातेरी चक्र करते. घड्याळाला किल्ली देताना चक्र जसे एकेक दात पुढे सरकते व मागे येत नाही, तसेच येथे दर गोळीला चक्र एक दात सरकते, आणि तिसऱ्या दातावर घोडा अडतो. या रचनेत एक खोट राहून गेली. दोन गोळ्यांनंतर बोट सुटले, तर चक्र तेथेच थांबते, आणि पुढच्या वेळी चाप ओढला असता एकच गोळी सुटते. शिपायाने मोजणी लक्षात ठेवावी, ही अपेक्षा गोळीबारात फोल ठरते. पुढे अमेरिकन सैन्याने एम-४-ए-१ या आखूड रायफलीत सलग मारा पुन्हा आणला.

भारताच्या स्वतःच्या ‘इन्सास’ रायफलीचा आराखडा पुण्याजवळ पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेत तयार झाला. ५.५६ मिलिमीटरच्या या रायफलीत एकेक गोळी व तीन गोळ्यांचा झटका, अशा दोनच चाली ठेवल्या होत्या. सलग मारा तिच्या जोडीच्या हलक्या मशीनगनकडे सोपविला होता. कागदावर हा विचार निर्दोष होता. १९९९ च्या कारगिल युद्धात मात्र अतिशीत हवेत मॅगझिनला तडे जाण्याच्या तक्रारी आल्या. तीनवर न थांबता रायफल पुढे उडत राहिल्याच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या. दाट जंगलात नक्षलवाद्यांशी गाठ पडणाऱ्या दलांनी पुढे एके जातीच्या रायफलीच मागितल्या. इन्सासच्या ‘एक्सकॅलिबर’ या सुधारित रूपात तीनचा झटका जाऊन सलग मारा आला. उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरवा येथे सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली बनविण्याचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला. तिलाही एकेक आणि सलग, अशा दोन चाली आहेत. अशा रीतीने यंत्राने शिस्त लावण्याचा प्रयोग मागे पडला असून बोटाला शिस्त लावण्याचे काम पुन्हा कवायतीच्या मैदानाकडे आले आहे. तेथेही जवानाला प्रथम एकेक गोळी नेमकी लावण्याचेच शिकविले जाते.

कायद्याची व्याख्या

शस्त्र कायदा, १९५९ यात ‘निषिद्ध शस्त्र’ या संज्ञेची व्याख्या करताना कायदेकारांनी कोणत्याही रायफलीचे नाव घेतलेले नाही. चापावर दाब दिला असता, तो दाब काढून घेईपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत जे अग्निशस्त्र गोळ्या सोडीत राहते, ते निषिद्ध, असा तिचा आशय आहे. मूळ बनावट तशी असो, वा मागाहून फेरफार करून तसे केलेले असो, दोन्ही गोष्टी व्याख्येत येतात. असे शस्त्र सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात व कमाल चौदा वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली, ही गोष्ट पुष्कळ जुन्या परवानाधारकांना अजूनही ठाऊक नसते.

गावात ठासणीची किंवा काडतुसी बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याचा स्वयंचलित शस्त्राशी संबंध येण्याचे कारण नाही. अडणीशी मात्र येतो. जुन्या बंदुकीची अडण झिजली की चढविलेला घोडा हलक्या धक्क्यानेही पडतो आणि चापाला बोट न लागता बार होतो. असे दुरुस्तीचे काम गावच्या लोहाराकडे नेऊ नये. अग्निशस्त्राची दुरुस्ती अथवा त्यात फेरफार हा व्यवसाय करावयास त्याच कायद्यान्वये परवाना लागतो, आणि तो असलेला कारागीर बहुधा जिल्ह्याच्या किंवा मोठ्या बाजारपेठेच्या ठिकाणीच मिळतो. पेटी-पेटाऱ्यात आजोबांच्या वेळचे एखादे शस्त्र निघाले, तर चाप ओढून पाहू नये. नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवावे, मुलांना तेथून हलवावे आणि नजीकच्या पोलीस ठाण्यास कळवावे. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश मिळाल्यास परवान्याची वही सोबत न्यावी, बंदूक रिकामी असल्याची अंमलदारासमक्ष खात्री करून द्यावी आणि क्रमांक तपासून पावती घ्यावी.