सहा ग्लास सुगंधी मेणबत्त्यांचा हिशेब

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचे ढीग लागतात, पण त्याच सोयाबीनच्या तेलापासून होणारं मेण लातूरकराला बहुतेकदा कुरिअरनेच मागवावं लागतं, तेही किलोला साडेचारशेच्या आसपास. चीड येते खरी. पण २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि दाण्यात तेल १८ ते २० टक्के. म्हणजे किलोभर तेलाला पाच-साडेपाच किलो दाणा, पावणेतीनशेचा माल. पेंडीचे पैसे वेगळे सुटतात, पण तेल शुद्ध करून घट्ट करण्याचा खर्चही आहेच. मेणाचा भाव अवाच्या सवा नाही. खिसा कापतात ते वास आणि काच.

खाली धरलेले भाव अंदाजाचे आहेत, दुकानागणिक दहा-वीस टक्के इकडेतिकडे. २०० मिलिच्या ग्लासात १४० ग्रॅम मेण घ्या. वास मेणाच्या आठ टक्के, म्हणजे ११ ग्रॅम. सहा ग्लासांना ८४० ग्रॅम मेण (३७८ रुपये), ६७ ग्रॅम सुगंधी तेल (१०० मिलिची बाटली ४०० ला, म्हणून २७० रुपये), वाती २४ रुपये, ग्लास चाळीसप्रमाणे २४०. बेरीज ९१२, एक मेणबत्ती १५२ रुपयांना. साधं पॅराफिन १८० रुपये किलोने घेतलं तर ११४. तेच ग्लास धुऊन पुन्हा भरले तर सोयाचीही ११२ वर येते.

हा झाला कागदावरचा हिशेब. पहिल्या खेपेला मात्र किलोभर मेण, अख्खी बाटली, पन्नास वातींचं पाकीट, ग्लास आणि कुरिअर मिळून साडेतेराशेच्या आसपास जातात, थर्मामीटर वेगळा. लाइट गेल्यावर लावायला मेणबत्ती हवी असेल तर हा खटाटोप करू नका, किराणा दुकानातलं पाकीट घ्या. सुगंधी ग्लास तीन-चारशेला विकत घेणाऱ्यांनाच हे परवडतं.

ग्लास कुरिअरने मागवू नका, फुटतात. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत हातात घेऊन, जाड बुडाचे बघून घ्या. पाणी प्यायचा पातळ ग्लास ज्योतीने तडकतो. पणती दिसते छान, पण माती मेण पिते आणि खालचं टेबल चिकट होतं. समईची कापसाची वातही चालत नाही, मेणात ती आडवी पडते. विणलेली, बुडाला पत्र्याची चकती असलेली सुती वात घ्या.

वासाच्या बाबतीत फसवणूक जास्त होते. रूम फ्रेशनर किंवा डिओ मेणात ओतायचा नाही, स्पिरिट पेट घेतं. पाण्यात विरघळणारं अत्तर मेणात मिसळत नाही, तळाशी थेंब धरून बसतं. बाटलीवर मेणबत्तीसाठी असं लिहिलेलं हवं. ऑनलाइन घेतलं तर बिल जपा. भलताच माल आला आणि विक्रेता ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

करायचं असं: मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं छोटं भांडं. थेट गॅसवर मेण ठेवायचं नाही. पेटलंच तर झाकण घाला आणि गॅस बंद करा. पाणी मुळीच नाही, भडका उडतो. मेण विरघळलं की उतरवून ६५-७० अंशांवर सुगंधी तेल घालून दोन मिनिटं ढवळायचं आणि कोमट केलेल्या ग्लासात ओतायचं. वात मधोमध उभी राहावी म्हणून वर आडवा कपड्यांचा चिमटा. सोयाची मेणबत्ती आठवडाभर ठेवून मगच लावा, वास खुलतो.

आणि आपला उन्हाळा! ग्लासात ओतायचं सोया मेण पंचेचाळीस-पन्नास अंशांना मऊ पडतं. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत मे महिन्यात ती वेळ येतेच. वर तेलाचे थेंब सुटतात. पुसून घ्या, मेणबत्ती बिघडलेली नसते. बिनग्लासची, उभी मेणबत्ती हवी असेल तर ५८-६० अंशांचं पॅराफिनच घ्या. मेणाचं कुरिअर मात्र दिवाळीनंतर मागवा, एप्रिलमध्ये पिशवीत गोळा येतो.

उरलेलं मेण मोरीत ओतू नका. नळी तुंबली की प्लंबर एका फेरीत दोन-तीन मेणबत्त्यांचे पैसे घेऊन जातो.