लंगडणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला असं नाही

आमच्या म्हसावदच्या माणसाला घोड्याचं वेड नवं नाही. तालुक्यातच सारंगखेडा. दत्तजयंतीला तिथे तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार. माझी कुमैत घोडी मी तिथूनच आणली. चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा, अशी पंचकल्याणी. वरातीत ती नाचायला लागली की लोक नवरदेव सोडून तिच्याकडे बघायचे.

एका वरातीच्या रात्री ती काँक्रीटच्या रस्त्यावर दोन तास नाचली. सकाळी खरारा करताना माझा हात तिच्या पुढच्या उजव्या पायाच्या नळीमागून फिरला आणि तिथेच थांबला. जागा गरम लागत होती. डाव्या पायावर हात ठेवला, तो गार. चालवून पाहिली, तर किंचित पाय चोरत होती.

मी डॉक्टरांना बोलावलं नाही. ‘नस चढली आहे’ असं एका जाणत्याने सांगितलं, म्हणून गरम तेलाने मालिश केली. ओळखीच्या एकाकडून दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेतलं. चौथ्या दिवशी घोडी सरळ चालू लागली. पुढच्या वरातीचा इसार घेतलेला होता. आठव्या दिवशी मी तिला पुन्हा नाचवलं. घरी आणली तेव्हा ती तो पाय जमिनीला टेकवत नव्हती. नळीची मागची बाजू धनुष्यासारखी बाहेर आली होती. एवढं जनावर तीन पायांवर उभं राहून माझ्याकडे बघत होतं. ते मी अजून विसरलो नाही.

मग पशुवैद्यक आले. पुढे सोनोग्राफी झाली तेव्हा पडद्यावर काळा डाग दिसला. कंडरेचे तंतू तिथे तुटले होते. डॉक्टरांनी समजावलं ते असं: गुडघ्याखाली घोड्याच्या पायात मांस नसतंच; हाड, कातडी आणि दोरखंडासारख्या कंडरा. त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्या सावकाश भरतात. भरतात तेव्हाही आधी कच्चे, वेडेवाकडे धागे तयार होतात. ते सरळ आणि मजबूत व्हायला नऊ महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. सूज आणि लंगडणं मात्र काही आठवड्यांतच जातं. फसवणूक होते ती इथेच. माझी तर चौथ्या दिवशीच झाली, कारण इंजेक्शनने दुखणं झाकलं; तंतू तसेच तुटलेले राहिले.

त्या वर्षभरात जे शिकलो, ते घोडा पाळणाऱ्या प्रत्येकासाठी सांगतो.

पहिले दोन-तीन दिवस गारवा द्या, शेक नको. बर्फ कापडात गुंडाळून किंवा बोअरच्या पाण्याची धार, वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मालिश अजिबात नको. पट्टी बांधायची तर आत कापसाचा जाड, सारखा थर हवा. आवळून बांधलेली पट्टी स्वतःच कंडरेला इजा करते. दुसऱ्या पायालाही पट्टी बांधा, कारण सगळा भार त्याच्यावर आलेला असतो. दुखण्याचं औषध डॉक्टरांच्या हातूनच द्या. मनाने दिलं तर पोट आणि मूत्रपिंड बिघडतात.

काम थांबलं की चंदी कमी करा. आम्ही हरभरा जवळजवळ बंद केला, सुका चारा आणि पाणी भरपूर ठेवलं. उभ्या घोड्याला कामाची चंदी चालू ठेवली तर पोटशूळ होतो, खूर सुजतात आणि जनावर उधळतं ते वेगळंच.

मग चालणं. तिसऱ्या आठवड्यात आम्ही हाताने धरून दहा मिनिटांपासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवली. पहिल्या दिवशी तबेल्याबाहेर येताच ती दोन पायांवर उभी राहिली. एक उडी आणि सगळी मेहनत पाण्यात गेली असती. तेव्हापासून दोन माणसं आणि पक्का लगाम असल्याशिवाय तिला सोडलं नाही. गोल रिंगणात फिरवणं टाळलं, कारण वळणावर पायावर वाकडा ताण येतो. पावसाळ्यात आमची काळी माती पाय ओढून घेते, तो चिखल कंडरेचा वैरीच. म्हणून मुरमाचा सपाट रस्ता धरला. चौथ्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी केली आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच दुडकी चाल, तीही पाच मिनिटं. प्रत्येक फेरीनंतर दोन्ही पायांवर हात ठेवून पाहायचं. गरम लागला की एक पायरी मागे.

डागण्याचा सल्लाही मला मिळाला. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी हा उपाय तपासून १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. डागल्याने कंडरा लवकर किंवा चांगली भरत नाही, असं त्यांना आढळलं. जुन्या काळी डागल्यावर घोडा बरा व्हायचा तो डागाने नव्हे, डागल्यामुळे मिळणाऱ्या लांब विश्रांतीने, असं आमचे डॉक्टर सांगतात. शिवाय डागाच्या जखमेतून धनुर्वाताची भीती, आणि घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

अकरा महिन्यांनी घोडी पुन्हा रपेटीला निघाली. नळीमागची गाठ आजही हाताला लागते. भरलेली कंडरा पहिल्यासारखी लवचिक होत नाही, म्हणून काँक्रीटवर मी तिला पुन्हा नाचवलं नाही आणि नाचवणारही नाही. एका इसारासाठी मी तिचं वर्ष घालवलं. तो इसार परत करता आला असता.

घोडेवाल्या भावांनो, उद्या सकाळी खरारा करताना दोन्ही नळ्यांमागून उघडा हात फिरवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर घोडा त्याच दिवशी कामावरून काढा आणि पशुवैद्यकांना बोलवा. सरकारी फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. वरात दुसऱ्या घोड्यावरही निघते.