वचनाखाली आधार हवा
(मुक्त अवतरणसंग्रहाच्या संपादनाचे नियम)

शाळेच्या फळ्यावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर थोरांची वचने लिहिण्याची आपली प्रथा जुनी आहे. वचनाखाली नाव असते. परंतु ते कोठे व केव्हा उच्चारले गेले याचा उल्लेख क्वचितच आढळतो. असे निराधार वचन एका भिंतीवरून दुसरीवर जाते आणि डॉ. आंबेडकर वा गाडगेबाबा यांनी जे म्हटलेच नाही, तेही त्यांच्या नावावर जमा होते.

२००३ साली सुरू झालेला ‘विकिक्वोट’ हा इंटरनेटवरील अवतरणसंग्रह मराठीतही आहे. त्यात कोणासही भर घालता येते. म्हणूनच त्याचे नियम शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

१. अवतरण मूळ शब्दांतच द्यावे. अनुवाद असल्यास तसे नमूद करावे.

२. ग्रंथाचे नाव, आवृत्ती, वर्ष व पृष्ठ लिहावे. भाषण असल्यास स्थळ, दिनांक आणि ते कोठे छापले गेले हे द्यावे.

३. आधार न मिळालेली वचने मुख्य यादीत मिसळू नयेत. चुकीचे श्रेय सिद्ध झाल्यास त्याची नोंद वेगळ्या भागात ठेवावी, म्हणजे पुढील वाचक सावध होतो.

४. प्रत्येक बदलाचे कारण थोडक्यात लिहावे. मतभेद चर्चापानावर मांडून खाली आपली सही करावी. पूर्वीच्या आवृत्त्या इतिहासात जतन होत असल्याने चूक दुरुस्त करता येते.

५. स्वामित्वहक्काचे भान ठेवावे. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत छापलेल्या लेखनावरील हक्क सर्वसाधारणपणे त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यांचे असे लेखन २०११ पासून मुक्त आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ चे; तेथे ही मुदत २०२८ अखेर संपते. तोवर त्यांची अवतरणे मोजकी व आधारासह घ्यावीत.

दुसऱ्या नियमातील छापील आधाराची अट झरी जामणी तालुक्यात विशेष विचार करावयास लावते. मराठी म्हणींना मॅनवेअरिंग यांच्या १८९९ च्या संग्रहासारखा छापील आधार आहे. येथील कोलाम पोडांवरील ज्ञान मात्र मुख्यतः मुखोद्गत आहे. एमेनो यांनी १९५५ साली कोलामी भाषेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु आजच्या पोडावरील बोलणे त्यात कसे सापडणार? छापील आधाराचा नियम जसाच्या तसा लावला, तर कोलामी म्हण संग्रहाबाहेरच राहील.

नियम शिथिल करणे हा यावर उपाय नव्हे. प्रथम आधार निर्माण करावा. शिक्षकांनी वडीलधाऱ्यांच्या संमतीने म्हण कोलामीतच टिपावी. अर्थ, गाव व दिनांक जोडावा. सांगणाऱ्याची इच्छा असल्यास त्याचे नाव द्यावे. ग्रामपंचायतीच्या साहाय्याने अशी पुस्तिका रीतसर प्रकाशित झाली, तर तिचा हवाला पुढे कोणासही तपासता येईल.

या शिस्तीचा आरंभ उद्याच्या परिपाठापासून करता येईल. फळ्यावरील सुविचाराखाली वक्त्याचे नाव लिहिताना ग्रंथ व पृष्ठही लिहावे. ते न मिळाल्यास त्या दिवशी दुसरे वचन निवडावे.