शेजाऱ्याच्या ग्रंथातील काही शब्द

नाताळाच्या दिवसांत मोरजीतील ख्रिस्ती घरांतून दोदोल आणि नेवऱ्यांचे ताट शेजारच्या हिंदू घरी येते, आणि चवथीला आपल्या नेवऱ्या तिकडे जातात. ताटांची ही देवघेव पिढ्यान् पिढ्या चालली आहे. शेजाऱ्याच्या नेवरीत काय असते हे आम्हांस ठाऊक आहे. त्याच्या धर्मग्रंथात काय आहे हे मात्र बहुतेकांस ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे असे वाटते त्यांची गत तर अधिकच कठीण. या दुसऱ्या वर्गात आम्ही स्वतः होतो.

झाले असे की, एका पावसाळ्यात आम्ही चारपाच जणांनी रात्री जेवणानंतर मराठी बायबल वाचावयास घेतले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी ‘शब्द’ हा देवस्वरूप म्हणून वर्णिला आहे. तेथे येताच आमच्यातील एकाने मान डोलावली आणि म्हटले, “हे तर आपले शब्दब्रह्मच!” आम्ही सर्वांनीच त्याला रुकार दिला. आमच्याबरोबर एक ख्रिस्ती मास्तर बसत असत. ते हळूच म्हणाले, “तुम्ही आमचा ग्रंथ वाचलात खरा, पण कोश तुमचाच वापरलात.” मास्तरांचे बोलणे मनाला लागले. मग त्यांच्याच मदतीने आम्ही मूळ भाषांचे कोश चाळू लागलो. त्या वाचनातून जे हाती आले त्यातील थोडे येथे मांडीत आहो.

बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे, काही थोडा भाग अरामीत. नवा करार ग्रीकमध्ये. येशूची बोलीभाषा अरामी. म्हणजे शुभवर्तमाने लिहिली गेली तेव्हाच त्याचे बोलणे एका भाषेतून दुसरीत आले होते. ‘अब्बा’ यासारखे काही मोजके अरामी शब्द मात्र ग्रीक मजकुरात तसेच राहिले आहेत. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने लॅटिन भाषांतर हाती घेतले. तेच युरोपात हजार वर्षे चालले, आणि १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्यास प्रमाण ठरविले. जेरोम हिब्रू जाणणारा मोठा पंडित, पण एका जागी त्याच्या शब्दाने गंमत केली. डोंगरावरून उतरताना मोशेच्या चेहऱ्यातून किरण फाकत होते असे जेथे आहे, तेथील हिब्रू धातू ‘शिंग’ या शब्दाशी जुळणारा. जेरोमने ‘शिंगे असलेला’ असा शब्द घातला. रोममध्ये मायकेलॅन्जेलोने घडविलेला मोशेचा पुतळा आहे, त्याच्या डोक्यावर आजही दोन शिंगे दिसतात!

आता आमच्या ‘शब्दा’कडे वळू. ग्रीकमध्ये तेथे ‘लोगॉस’ आहे, आणि त्याच्या पाठीशी हिब्रू ‘दाबार’ उभा आहे. दाबार म्हणजे बोल, आणि दाबार म्हणजे घडलेली गोष्टही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव बोलतो आणि प्रकाश होतो. बोलणे आणि होणे यांत अंतरच नाही. योहान तीच आठवण जागवितो, आणि लगेच तो शब्द मांसाचा मनुष्य झाला म्हणतो. येथे ग्रीक शब्द ‘सार्क्स’ म्हणजे नुसता देह नव्हे, रक्तमांस. आपण ‘अवतार’ म्हणून पुढे जाऊ पाहतो. पण अवतार अनेक, आणि हे देहधारण एकदाच झालेले, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे.

याहून अवघड शब्द ‘आत्मा’. मराठी बायबलात ‘पवित्र आत्मा’ येतो, आणि गीता ऐकत वाढलेल्या आमच्या मनात लगेच जन्ममरणरहित असा आत्मा उभा राहतो. हिब्रू शब्द मात्र ‘रूआह’ आहे. त्याचा अर्थ वारा, श्वास आणि देवाची प्रेरणा, तिन्ही एकाच शब्दात. व्याकरणाने तो बहुधा स्त्रीलिंगी. ग्रीकमधील ‘न्यूमा’ नपुंसकलिंगी, लॅटिनमधील ‘स्पिरितुस’ पुल्लिंगी. यहेज्केलाच्या ग्रंथात सुक्या हाडांच्या खोऱ्याचे जे वर्णन आहे त्यात हा एकच शब्द कधी चार दिशांचा वारा, कधी श्वास, कधी देवाचा आत्मा म्हणून येतो. मराठीत त्याचे दोनतीन शब्द करावे लागतात आणि त्यांतील धागा तुटतो. पहाटे मतलई वाऱ्यावर होडी समुद्रात घालणाऱ्या आमच्या रापणकारास हे सांगितले तर तो पंडितापेक्षा लवकर समजेल. दिसत नाही, धरता येत नाही, पण शीड भरते.

तसेच मनुष्याचे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मातीच्या पुतळ्यात देव श्वास फुंकतो आणि मनुष्य जिवंत प्राणी ‘होतो’. कोठून तरी आलेला आत्मा शरीरात ‘शिरतो’ असे तेथे नाही. त्यामुळेच ख्रिस्ती श्रद्धेत देहाच्या पुनरुत्थानाला इतके महत्त्व. कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनास मोकळीक दिली, तरी ही श्रद्धा तशीच राहिली.

गोव्यातील जुन्या कोंकणी प्रार्थनांत ‘इस्पिरितु सांतु’ हा परका शब्दच ठेवला होता. ‘पवित्र आत्मो’ मागाहून रुळला. परका शब्द कळत नाही, पण चुकीचे कळण्याची भीतीही नसते.

या पेचावर आपल्याच मुलखात दोन थोर माणसांनी दोन उलट वाटा धरल्या. पहिला फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज. १५७९ साली तो गोव्यात आला, साष्टीत राहिला आणि १६१९ साली येथेच वारला. बाटलेल्या लोकांनी तक्रार केली की, आमची पुराणे गेली, आता वाचावे काय? तेव्हा त्याने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. स्वर्गाला त्याने बेधडक ‘वैकुंठ’ म्हटले! दुसरी पंडिता रमाबाई. संस्कृतावरील प्रभुत्वासाठी कलकत्त्यात १८७८ साली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळविलेली, १८८३ साली ख्रिस्ती झालेली ही बाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून मराठी बायबल करीत बसली. अवजड संस्कृत शब्द तिला नकोत. त्यांत जुन्या दर्शनांचे अर्थ दडलेले असतात आणि खेड्यातल्या बाईला ते कळतही नाहीत, असे तिचे मत. १९२२ साली ती वारली, आणि १९२४ साली संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले.

विलायतेहून आलेला ‘वैकुंठ’ म्हणतो आणि संस्कृत पंडिता त्या शब्दांना बिचकते, हे आम्हांस मोठे नवल वाटते. तिला त्या शब्दांची ताकद आतून ठाऊक होती, हेच कारण असावे. मन आमचे स्टीफन्सकडे ओढ घेते, कारण ओवी गोड आहे. ‘आत्मा’ या शब्दापुरते मात्र बाईंचे म्हणणे पटते. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने तीन वर्षांत मातृभाषा सोडण्याचा हुकूम काढला. पेडणे तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हते. ते अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले.

शेवटी ‘पश्चात्ताप’. लॅटिनमध्ये मत्तयाच्या ग्रंथातील येशूच्या पहिल्या हाकेचा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असा घेतला गेला. कोंकणीतला ‘प्राचीत’ त्याच कुळातला. १५१६ साली इरॅस्मसने ग्रीक पाठ छापला आणि तेथे ‘मेतानोइया’, म्हणजे मन पालटणे, हे सर्वांना दिसले. पुढच्याच वर्षी ल्यूथरच्या पंचाण्णव प्रबंधांतील पहिला प्रबंध याच हाकेवर होता. पण त्यामागचा, संदेष्ट्यांच्या तोंडचा हिब्रू शब्द आणखी साधा: ‘शूब’, मागे फिरणे. आपल्या ‘पश्चात्तापा’त मागाहून होणारा ताप आहे, वाट नाही. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत ‘मेतानोइया’ हा शब्द एकदाही येत नाही. मुलगा नुसता उठतो आणि बापाच्या घराची वाट धरतो. ही गोष्ट आम्ही वाचली त्या रात्री मास्तर म्हणाले, “आमच्या कोंकणीत याला शब्द आहे की, ‘परतप’.”