आरोग्यपाठ : विडीचा धूर, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि पोटातले बाळ



गरोदर मातांसाठी आपण जी भेटीची खोकी पाठवता, त्यांत दरवर्षी जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या बाटल्या असतात. काहींवर ‘अँटिऑक्सिडंट’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. बरोबर एक प्रश्नही हमखास येतो : “पाड्यावरच्या बायका विडी ओढतात, मशेरी लावतात. सवय सुटत नसेल, तर निदान या गोळ्यांनी बाळाचे रक्षण होईल ना?” जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर परिचारिका म्हणून काम करताना मलाही हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर या अंकात क्रमाने पाहू.

तंबाखू बाळापर्यंत कशी पोचते

विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पण या विषारी वायूला ते प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट धरून ठेवते. तेवढी प्राणवायूची जागा अडते. आई आधीच रक्तक्षयाने फिकट असेल, तर बाळाच्या वाट्याला आणखी कमी येते. दुसरीकडे निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेकडे जाणारे रक्त कमी होते.

मशेरीला धूर नाही, म्हणून ती निरुपद्रवी असा समज घरोघर आहे. पण भाजलेली तंबाखूही तंबाखूच. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि वेळेआधीची बाळंतपणेही त्यांच्यात अधिक झाली. १०५ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. पण जे बाळ २५८० ग्रॅमचे झाले असते, ते २४७५ ग्रॅमचे होते. २५०० च्या खाली गेले की ते कमी वजनाचे बाळ. त्याला ऊब टिकवायला, अंगावर ओढायला, जंतूंशी झगडायला जड जाते. पावसाळ्यात रस्ता तुटलेल्या पाड्यावर हा फरक जिवावर बेतू शकतो.

ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणजे काय?

चिरलेले वांगे उघडे ठेवले की काळे पडते. हवेतल्या प्राणवायूची ती क्रिया. शरीरातही प्राणवायू वापरला जाताना ‘फ्री रॅडिकल’ नावाचे अस्थिर कण तयार होतात आणि ते पेशींना इजा करू शकतात. शरीराजवळ त्यांना आवरणारी स्वतःची व्यवस्था असते. क आणि ई जीवनसत्त्वे त्या व्यवस्थेत भाग घेतात. कण फार झाले आणि आवरणारे कमी पडले, की त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. गरोदरपणात हा ताण मुळातच थोडा वाढतो. विडीच्या प्रत्येक झुरक्याबरोबर असे असंख्य कण शरीरात जातात, आणि ओढणाऱ्याच्या रक्तातले क जीवनसत्त्वही कमी होते.

मग वाटते, क आणि ई जीवनसत्त्व भरपूर दिले की काम झाले. शास्त्रज्ञांनाही तसेच वाटले होते.

गोळ्यांची परीक्षा

गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाण्याच्या आजाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. त्यात ऑक्सिडेटिव्ह ताण असतो. १९९९ साली इंग्लंडमध्ये २८३ स्त्रियांवर क आणि ई जीवनसत्त्वांचा प्रयोग झाला. आजार कमी झालेला दिसला आणि आशा वाढली. म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे २४०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत आजार कमी झाला नाही. उलट गोळ्या घेणाऱ्यांत कमी वजनाची बाळे अधिक झाली. २०१० मध्ये अमेरिकेत सुमारे दहा हजार स्त्रियांवरही फायदा दिसला नाही.

“पण आपल्या बायका कुपोषित आहेत, त्यांना तरी उपयोग होईल,” असे कोणी म्हणेल. तेही पाहून झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, पेरू, दक्षिण आफ्रिका आणि व्हिएतनाममधल्या, आहार कमी पडणाऱ्या स्त्रियांवर अशीच चाचणी घेतली. तिथेही या गोळ्यांनी आजार टळला नाही. २०१६ च्या मार्गदर्शनात संघटनेने गरोदर स्त्रियांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत असे सांगितले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१४ मध्ये अमेरिकेत, सिगारेट सोडू न शकलेल्या गरोदर स्त्रियांना रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व देऊन पाहिले. त्यांच्या बाळांची फुफ्फुसे जन्मतः अधिक चांगली चालली. पहिल्या वर्षात छातीत घरघर २१ टक्के बाळांना झाली. नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत ती ४० टक्के होती. हा फायदा खरा आहे, पण फुफ्फुसांपुरता आणि देखरेखीखाली दिलेल्या ठरावीक मात्रेचा आहे. कार्बन मोनॉक्साइडने अडवलेली जागा कोणतीही गोळी मोकळी करत नाही. ती मोकळी होते विडी थांबल्यावर, आणि बरीचशी एका दिवसातच.

बाटल्यांबद्दल आणखी एक सावधगिरी. काहींमध्ये रेटिनॉल स्वरूपातले अ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असते. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ते बाळाला अपाय करू शकते.

मग कोणती गोळी?

लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. शौच काळी होते, मळमळते, म्हणून बायका ती मध्येच सोडतात. आम्ही सांगतो : चहाबरोबर घेऊ नका, वर पेरू किंवा आवळा खा. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. शेवग्याचा पाला, माठ, नागलीची भाकरी हे तर घरचेच. शिवाय आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरोदर मातेला चौरस आहार मिळतो.

सवय कशी सुटते

“मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, सिस्टर,” हे वाक्य मी अनेक तोंडांनी ऐकले आहे. तिला रागावून उपयोग नसतो. सकाळी कोमट पाणी, पालेभाजी, दात घासायला कडुनिंबाची काडी असा पर्याय हातात द्यावा लागतो. सासूलाही बरोबर बसवावे लागते, कारण मशेरीची डबी बहुधा दोघींची एकच असते. नवऱ्याची विडी घराबाहेर गेली नाही, तर तिचा धूर आई-बाळाला लागतोच. चुलीचा धूर वेगळा. पहिल्या तीन-चार महिन्यांत तंबाखू सुटली तर बाळाला सर्वांत अधिक लाभ होतो, पण सातव्या महिन्यातही उशीर झाला असे समजू नये. सोडणाऱ्यांसाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे : १८००-११-२३५६.

अडचण येते दिवाळीनंतर. कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. लाल गोळी, अंगणवाडी आणि आमची भेट तिघी एकदम सुटतात आणि भट्टीचा धूर वाढतो. म्हणून निघण्याआधी गोळ्यांचा पुरता साठा आणि तपासणीचे कार्ड हाती देणे, हे आमचे सर्वांत तातडीचे काम असते.

आपल्या भेटीच्या खोक्यात म्हणून बाटल्यांऐवजी शेंगदाणे, गूळ, कडधान्ये असावीत. पैसे पाठवत असाल, तर ते स्वयंसेविकेच्या भट्टीपर्यंतच्या प्रवासखर्चासाठी पाठवावेत.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपल्या घरात, नात्यात कोणी गरोदर आहे का? तिच्यासमोर कोण तंबाखू वापरते?

२. जी मदत द्यायला सोपी आणि जी घेणाऱ्याला उपयोगी, त्यांत आपण कोणती निवडतो?

३. आपल्या गावाजवळच्या वीटभट्टीवर किती गरोदर माता आहेत? त्यांना लाल गोळी मिळते का, हे या महिन्यात कोण जाऊन पाहील?