डिशची पेटी कशी जपावी?

बाजाराचा दिवस होता. एक मावशी तालुक्याच्या गावी आली होती. तिच्या पिशवीत फडक्यात बांधलेली काळी पेटी होती. ती टीव्हीच्या डिशची पेटी होती. तिला सेट टॉप बॉक्स असेही म्हणतात.

मावशी दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिने पेटी फळीवर ठेवली.

"दादा, बघा बरं हिला काय झालंय. परवापासून दिवाच लागत नाही. घेऊन दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत. माझी चार दिवसांच्या खुरपणीची मजुरी हिच्यात गेलीय. आमचं नशीबच खोटं!"

दुकानदाराने पेटी उघडली. आत धुळीचा थर होता. कोपऱ्यात दोन मेलेली झुरळे होती. डबीसारखा एक छोटा भाग डोक्यावर फुगला होता. जिथे डिशची वायर बसते तिथे हिरवा गंज चढला होता. जिथे अडॅप्टरची पिन बसते तिथे काळा डाग पडला होता.

"मावशी, नशिबाला कशाला बोल लावता?" दुकानदार म्हणाला. "अशा पेटीचे चार वैरी असतात. उष्णता, पाणी, विजेचा झटका आणि आपलाच हात. तुमच्या पेटीला चारही भेटले. पण घाबरू नका. दोन भाग बदलले की ती चालेल. मात्र हे वैरी तुम्ही ओळखले नाहीत, तर ती पुन्हा माझ्याकडे येईल."

चला, आपणही हे चार वैरी ओळखू या.

पेटी काय काम करते?

आकाशात फार उंच उपग्रह असतो. आपल्यापासून तो सुमारे ३६,००० किलोमीटर दूर असतो. तो पृथ्वीबरोबर फिरतो. म्हणून तो आपल्याला एकाच जागी थांबल्यासारखा असतो. तिथून चित्राच्या आणि आवाजाच्या लहरी खाली येतात. इतक्या दुरून येताना त्या फार क्षीण होतात. छपरावरची डिश त्या गोळा करते. डिशच्या पुढे दांडीवर एक डबी असते. तिला एलएनबी म्हणतात. ती डबी लहरी पकडते आणि वायरीतून घरात पाठवते. पेटी त्या लहरींचे चित्र करून टीव्हीला देते.

आपल्या देशात १९७५ साली उपग्रहाने गावोगाव टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. तो एक वर्ष चालला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही बसवले होते. जाळीची दहा फुटी डिश असे. सारा गाव एकाच टीव्हीपुढे बसे. त्या टीव्हीची काळजी घ्यायला माणूस नेमलेला असे.

आता घरोघर डिश आहे. २००४ साली दूरदर्शनने घरच्या लहान डिशची सेवा सुरू केली. तिला आज डीडी फ्री डिश म्हणतात. तिला दरमहा पैसे पडत नाहीत. शेतीची माहिती आणि मुलांच्या शाळेचे पाठही तिच्यावर दिसतात. पण आता काळजी घ्यायला नेमलेला माणूस नाही. आपणच आपल्या पेटीचे राखणदार.

पहिला वैरी: उष्णता

दुकानदाराने विचारले, "मावशी, पेटी कुठं ठेवली होती?"

"फ्रीजवर. धूळ बसू नये म्हणून वर विणलेला रुमाल टाकला होता."

"तिथंच चुकलं. भर उन्हाळ्यात तुम्ही तिला गोधडी पांघरलीत."

चालू पेटी आतून तापते. ती थंड राहावी म्हणून तिला बारीक भोके असतात. ती भोके म्हणजे पेटीचे नाक. रुमालाने ते नाक दाबले जाते. फ्रीजच्या अंगाचीही उष्णता असते. त्यात पत्र्याचे घर असेल तर विचारूच नका.

डबीसारख्या त्या भागाला कपॅसिटर म्हणतात. त्याच्या आत थोडा द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. साधारण हिशेब असा आहे की, १० अंश उष्णता वाढली की त्या भागाचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे जी पेटी आठ वर्षे चालायची ती चार वर्षांत थकते.

म्हणून असे करा. पेटी उघड्या फळीवर ठेवा. तिच्या चारी बाजूंना चार बोटे जागा सोडा. तिच्यावर रुमाल, देवाचा फोटो, फुलदाणी, काही ठेवू नका. तिच्याजवळ दिवा-उदबत्ती लावू नका.

रात्री झोपताना पेटी भिंतीवरच्या बटणाने बंद करा. नुसत्या रिमोटने बंद केली तर लाल दिवा चालू राहतो. लाल दिवा म्हणजे पेटीने नुसते डोळे मिटले आहेत, ती झोपलेली नाही. ती तापतच असते. मात्र पडद्यावर 'अपडेट' अशी अक्षरे दिसत असतील तर मध्येच बटण बंद करू नका. ते काम पुरे होऊ द्या.

आठवड्यातून एकदा धूळ पुसा. आधी पिन काढा. मग कोरड्या मऊ फडक्याने पुसा. ओले फडके नको.

दुसरा वैरी: पाणी

"पण दादा, पेटी तर घरात होती. तिला पाणी कुठून लागलं?"

"वायरीतून, मावशी. पाणी चोराच्या पावलानं येतं."

एलएनबीला जिथे वायर जोडलेली असते, तिथून पाणी आत शिरते. वायरीच्या आत तारांची जाळी असते. तिच्यातून ते थेंब थेंब खाली उतरते. पहिल्या वर्षी चित्र तुटते. दुसऱ्या वर्षी पेटीच्या तोंडाशी हिरवा गंज येतो.

उपाय सोपा आहे. रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मृगाचा पाऊस लागण्याआधी, डिशवाल्याकडून वरचा जोड तपासून घ्या. जोड घट्ट असावा. त्यावर रबरी टोपी किंवा पाण्याची चिकटपट्टी असावी. वायर चिरली असेल तर बदला.

आणखी एक युक्ती आहे. वायर भिंतीच्या भोकातून आत येते. भोकाच्या अलीकडे ती जरा खाली लोंबती ठेवा, झोळीसारखी. मग वायरीवरून ओघळणारे पाणी झोळीच्या तळाशी येऊन बाहेरच ठिबकते. ते घरात येत नाही.

पावसाची दुसरी एक गंमत समजून घ्या. मुसळधार पाऊस लागला की चित्र थांबते. तेव्हा पेटी बिघडलेली नसते. दाट पावसात आणि ढगात त्या क्षीण लहरी अडतात. पाऊस ओसरला की चित्र येते. तेवढ्यासाठी पेटीला थापट्या मारू नका. डिश हलवायला तर मुळीच जाऊ नका.

तिसरा वैरी: विजेचा झटका

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते. पण गावात ती नेहमी तेवढीच राहत नाही. शेतावरचे पंप सुरू झाले की ती कमी होते. लाईट गेली आणि परत आली की एकदम उसळी येते. त्या उसळीचा झटका नाजूक भागांना बसतो.

म्हणून लाईट गेली की पेटीचे आणि टीव्हीचे बटण बंद करा. लाईट आल्यावर पाच मिनिटे थांबा. मग बटण लावा. बोर्डात पिन सैल बसत असेल आणि चटचट आवाज येत असेल, तर तो बोर्ड बदला. तिथूनच आग लागते.

आता आकाशातल्या विजेचे बघू. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा जास्त पडतात. आभाळ भरून आले की, विजा कडाडायच्या आधीच, दोन गोष्टी करा. बटण बंद करून बोर्डातली पिन काढा. मग पेटीमागची डिशची वायरही सोडवून बाजूला ठेवा. नुसती पिन काढून भागत नाही. डिश छपरावर आहे. वीज जवळ पडली तर तो झटका वायरीतूनही घरात येतो. स्टॅबिलायझर तो झटका अडवू शकत नाही.

पण विजा डोक्यावर कडाडू लागल्या असतील, तर वायरीला हात लावू नका. पिनेलाही नको. लांब बसा. पेटी गेली तर दुसरी घेता येते. गेलेला माणूस परत येत नाही.

डिशचा खांब लोखंडी असतो. त्याला अर्थिंग करून घ्या. हे काम जाणत्या वायरमनकडून करवून घ्या. डिश विजेच्या तारांजवळ बसवू नका. पावसात ओल्या पत्र्यावर चढू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाईलचे ॲप केले आहे. आसपास वीज पडण्याचा धोका असला तर ते कळवते. घरातल्या कोणाच्या तरी मोबाईलवर ते असू द्या.

चौथा वैरी: आपला हात

दुकानदाराने अडॅप्टर हातात घेतला. तो हसला.

"मावशी, हा अडॅप्टर ह्या पेटीचा नाहीच."

"होय की. जुना हरवला. सूनबाईनं फवारणीच्या पंपाचा चार्जर लावला. पिन तर बरोबर बसली!"

"पिन बसली म्हणून नातं जुळत नाही, मावशी. आकडा बघावा लागतो."

हे नीट ध्यानात घ्या. पेटीच्या पाठीवर पिनेजवळ एक आकडा लिहिलेला असतो. पुष्कळ पेट्यांवर तो १२ व्होल्ट असतो. अडॅप्टरवरही आकडे असतात. त्यातला बाहेर जाणाऱ्या विजेचा आकडा पाहा. दोन्हींचे व्होल्ट सारखेच हवेत. जास्त झाले तर पेटी जळते. कमी झाले तर ती नीट चालत नाही. दुसरा आकडा अँपिअरचा असतो. तो पेटीवरच्या आकड्याएवढा किंवा जास्त चालेल, कमी चालणार नाही. नवा अडॅप्टर घेताना पेटी बरोबर न्या आणि आकडे ताडून पाहा. पुष्कळदा पेटी बिघडलेलीच नसते, नुसता अडॅप्टर गेलेला असतो. म्हणून नवी पेटी घेण्याआधी अडॅप्टर तपासून घ्या.

हाताच्या आणखी चुका अशा. चालू पेटीची डिशची वायर काढू नका, लावू नका. त्या वायरीतून पेटी वरच्या डबीला वीज पुरवते. मधली तार बाजूच्या जाळीला टेकली तर पेटीचा भाग जाऊ शकतो. आधी बटण बंद, मग वायर.

रिमोटमध्ये एक जुना आणि एक नवा सेल घालू नका. दोन्ही एकदम बदला. बरेच दिवस गावाला जायचे असेल तर सेल काढून ठेवा. सेल गळले की रिमोट खराब होतो.

डिशवर कपडे वाळत घालू नका. बोटभर हलली तरी चित्र जाते. डिश नीट बसली की खांबावर आणि डिशच्या पकडीवर मिळून एक रेघ तेलरंगाने ओढा. वादळाने डिश फिरली तर रेघ तुटलेली दिसेल. मग काय झाले ते लगेच कळेल. महाराष्ट्रात फ्री डिशचे तोंड आग्नेयेला, वर आकाशाकडे असते. त्या दिशेला झाडाची फांदी वाढली असेल तर ती छाटा.

पेटी स्वतः उघडू नका. दुकानदाराचा हात शिकलेला असतो.

मावशीने काय केले?

पुढच्या बाजारी मावशी पेटी घेऊन गेली. दिवा लागला. दुकानदाराने योग्य अडॅप्टर दिला. मावशीने तो लगेच पिशवीत टाकला नाही. तिने चष्मा लावला. आधी पेटीवरचा आकडा वाचला, मग अडॅप्टरवरचा.

"एकावर दोन, बारा. इथंही बारा. जुळलं, दादा."

"वाचायला कधी शिकलात, मावशी?"

"औंदा. रात्रीच्या वर्गात. नातीबरोबर बसते."

घरी आल्यावर तिने कागदाच्या दोन चिठ्ठ्या केल्या. एकीवर लिहिले 'डिश'. दुसरीवर लिहिले 'पंप'. अक्षर थोडे वाकडे आले. पण दोन्ही शब्द बरोबर होते. एक चिठ्ठी अडॅप्टरला चिकटवली, दुसरी चार्जरला. फ्रीजवरचा रुमाल तिने घडी करून पेटाऱ्यात ठेवला.

तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. पेटी बंद पडल्यावर नशिबाला बोल लावूनही उपयोग नाही. आजच उठा आणि आपली पेटी कुठे ठेवली आहे ते पाहा.

लक्षात ठेवा

१. पेटीवर काही झाकू नका. चारी बाजूंना चार बोटे जागा ठेवा.
२. रात्री भिंतीवरचे बटण बंद करा.
३. मृगाआधी छपरावरचा जोड तपासून घ्या.
४. आभाळ भरले की पिन आणि वायर दोन्ही काढा. वीज कडाडू लागल्यावर हात लावू नका.
५. अडॅप्टरचा आकडा वाचल्याशिवाय पिन लावू नका.

वाचा आणि सांगा

१. मावशीच्या पेटीला कोणते चार वैरी भेटले?
२. वायर भोकाच्या अलीकडे झोळीसारखी का ठेवावी?
३. तुमच्या पेटीवर व्होल्टचा आकडा कोणता आहे? घरी जाऊन वाचा आणि उद्या वर्गात सांगा.