खेळातील वेदना

कथेतील दुःखाचे आपण केवळ साक्षी असतो. ज्या व्हिडिओ गेममध्ये खेळणारा स्वतःच एक भूमिका घेतो, तेथे मात्र निर्णय त्याच्याच हातून घडतो. म्हणून तेथील क्लेशकारक प्रसंग मनाला अधिक खोल भिडतात.

कॅनडातील ‘बायोवेअर’ या संस्थेचा ‘मास इफेक्ट २’ हा अंतराळकथेवरील खेळ २०१० साली निघाला. त्याला जोडलेल्या ‘ओव्हरलॉर्ड’ या भागात डेव्हिड नावाचा एक स्वमग्न तरुण आहे. गणितात त्याची बुद्धी असामान्य. यंत्रमानवांवर सत्ता मिळविण्याच्या हव्यासाने त्याचा शास्त्रज्ञ भाऊ त्यालाच यंत्राला जखडतो. यंत्रांतून उठणारा कर्कश ध्वनी प्रथम शत्रूची गर्जना वाटतो. ती ‘हे थांबवा’ अशी एका पीडिताची विनवणी होती, हे अखेरीस उमगते. मग डेव्हिडला भावाच्याच हाती ठेवावे की सोडवून न्यावे, हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे असते.

विद्यार्थिमित्रहो, हा प्रसंग करुणा जागवितो; तथापि ज्याच्या घरी असे भावंड आहे, त्याला तो असह्यही होऊ शकेल. अमेरिकेतील मानांकनाप्रमाणे हा खेळ १७ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. अशी खूण वय आणि हिंसेसारखे ढोबळ प्रकार सांगते. कोणाच्या मनावर कोणता व्रण आहे, हे तिला कसे कळावे? ते काम जवळच्या माणसांचे. जाणत्याने पुढील प्रसंगाची कल्पना आधीच द्यावी, आणि कोणी मध्येच थांबला तर त्यास भित्रा म्हणू नये. ‘थांबवा’ हा शब्द ऐकू येणे, हाच या कथेचा बोध होय.